मामेभाऊ फ्रान्सिस्कन ब्रदर व्हायचं म्हणतोय, "स्वतःचं काहीच नाही" म्हणजे नक्की काय?

पुण्यातली_वसईकरीण

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची वसईची, लग्नानंतर पुण्यात. आम्ही कॅथलिक. लहानपणापासून मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, रोझरीची जपमाळ, ईस्टरआधीचे उपास सगळं केलंय, पण खरं सांगते, आमच्यासाठी फादर म्हणजे फादर, कोण बिशपांच्या हाताखालचा, कोण जेझुइट संघाचा, कोण संत फ्रान्सिसच्या संघातला म्हणजे फ्रान्सिस्कन, हे कधी कुणी विचारलंच नाही. आता झालंय असं की माझा मामेभाऊ, वय २४, इंजिनियर, दीड वर्ष नोकरी झाली, पगार चांगला, आणि ईस्टरनंतर एका रविवारी जेवताना त्याने सांगून टाकलं की मला फ्रान्सिस्कन व्हायचंय. त्यात पुन्हा फादर म्हणजे मिस्सा करणारा धर्मगुरू नाही, नुसती व्रतं घेतलेला ब्रदर! मामी रडली. मामी सिरियल बघतानाही रडते, त्यामुळे तिचं काही नाही, पण मामा जो गप्प झालाय तो अजून गप्पच आहे.

मामाची वाडी आहे, केळी, थोडी पानवेल, विहीर. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा हा एकच. महिन्याला एक तरी बिल्डर ओट्यावर येऊन बसतो आणि मामा त्याला चहा पाजून परत पाठवतो. परवा आईला फोनवर म्हणाला, "मी कोणासाठी नाही म्हणत बसलोय? हा तिकडे गेला की वाडी पण तिकडेच जाणार." भावाला विचारलं तर तो हसून म्हणतो, आमच्या नियमात "सिने प्रोप्रियो" आहे, स्वतःचं काहीही नसताना जगायचं. अरे पण मोबाइल? बाइक? आजारी पडलास तर? तो म्हणतो ताई, ते सगळं मिळतं, पण माझं नसतं. मला काही कळलं नाही.

तर कुणी आतलं माहिती असलेलं आहे का? दिवसभर करतात काय हे लोक, पगार कुठे जातो, ब्रदर म्हणजे फादर व्हायला जमलं नाही तो असं आमच्याकडे सगळे समजतात ते खरं का, आणि वाडीचं काय? मामाला मीच समजवायचंय असं आईने ठरवून टाकलंय.

दोरीची_गाठ

ताई, मी एक वर्ष पोस्ट्युलन्सी (आत येण्याआधीची ओळखीची पायरी) आणि सात महिने नोव्हिशिएट (व्रतांआधीची उमेदवारी) करून बाहेर पडलेला माणूस आहे. आता लग्न झालंय, मुलगी आहे. भांडून नाही आलो, त्यामुळे राग नाही, आणि आत राहिलो नाही त्यामुळे जाहिरातही करणार नाही. कुठलं घर, कुठलं गाव ते सांगत नाही.

"माझं नसतं" हे मला कधी कळलं ते सांगतो. नोव्हिशिएटला लागून दोनेक महिने झाले होते. आईने सुकेळी पाठवली, आमच्या घरच्या राजेळी केळ्यांची, तिने स्वतः सालं काढून उन्हात वाळवलेली, सुक्या पानात बांधलेला पुडा. तुम्ही वसईच्या, तुम्हाला सांगायला नको की त्या पुड्याचा नुसता वास आला तरी काय होतं. मी तो खोलीत नेला. तासाभराने नोव्हिस मास्टर, म्हणजे आम्हा उमेदवारांना शिकवणारे, दारात. ओरडले नाहीत, म्हणाले, "आईने पाठवलंय? छान. कोठीत ठेवून ये." संध्याकाळच्या जेवणानंतर ताटात फिरली सुकेळी, आम्ही बावीस जण, माझ्या वाट्याला अर्धं आलं. अर्धं! आणि ओडिशाचा एक पोरगा, त्याने जन्मात सुकेळी बघितली नव्हती, वास घेऊन म्हणाला हे खराब झालंय का. रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन रडलो मी, एकवीस वर्षांचा घोडा. आईसाठी रडलो, अर्ध्या केळ्यासाठी रडलो, खरं काय ते मला अजून सांगता येत नाही.

तर मोबाइल मिळतो (नोव्हिशिएटमध्ये नाही, नंतर), गरज असेल तर बाइकही मिळते, आजारपण बघतात, म्हातारपण बघतात. पण बाइक घराची. बदली झाली की किल्ली खिळ्याला टांगायची आणि दोन बॅगा घेऊन निघायचं. शाळेत शिकवणारा असेल तर पगार घराच्या खात्यात. खर्चाला मागून घ्यायचे, महिन्याच्या शेवटी वहीत लिहून द्यायचं, बस ४०, दाढीचं ब्लेड २०. आमच्या घरात एक साठीचे फादर होते, डॉक्टरेट केलेले, ते सुद्धा त्या वहीत "चहा १०" लिहायचे, मला ते फार विचित्र वाटायचं आधी, नंतर नाही वाटलं.

दिवस असा: सव्वापाचला घंटा, सकाळची प्रार्थना म्हणजे स्तोत्रं, दोन बाजूंनी आलटून पालटून म्हणायची, मग अर्धा तास नुसतं गप्प बसायचं, तिथे निम्मे डुलक्या घेतात, मी पण घेतल्या. मिस्सा, नाश्ता, झाडलोट, संडास धुणं (यादी लागते, त्यात सगळे आले), मग वर्ग नाहीतर बागकाम, दुपारी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, परत अर्धा तास गप्प, जेवण, भांडी, थोडा वेळ कॅरम, रात्रीची प्रार्थना, बत्ती बंद. नोव्हिशिएट म्हणजे बारा महिने हेच. मग तात्पुरती व्रतं, कमीत कमी तीन वर्षं, आणि त्यानंतर अखेरची. म्हणजे मामांना सांगा, पोरगा उद्या निघून आला तरी दार उघडंच असतं, मी त्याच दारातून आलोय.

ब्रदरचं. हे डोक्यातून काढाच. संघ काढणारा संत फ्रान्सिस स्वतः कधी फादर झाला नाही. त्यांच्या संघाचं नावच "लहान भाऊ" असं आहे. घरातल्या मुख्याला गार्डियन म्हणतात म्हणजे राखणदार, वरच्याला मिनिस्टर म्हणजे सेवक, आणि नियमात सरळ लिहिलंय की मिनिस्टर हा सगळ्या भावांचा चाकर. नेहमी तसं असतं का? नाही हो. माणसं आहेत. हाताखालच्यांना राबवणारे गार्डियन मीही बघितले. पण मला आवडलेली गोष्ट म्हणजे डोंगरात एकांतात राहणाऱ्या तिघाचौघांसाठी फ्रान्सिसने एक छोटा नियम लिहिलाय, त्यात म्हणतो, दोघांनी आई व्हायचं आणि दोघांनी नाहीतर एकाने तरी मूल. आयांनी स्वयंपाकपाणी बघायचं, आल्यागेल्याला बाहेरच थोपवायचं, मुलांनी निवांत प्रार्थना करायची, आणि मग काही दिवसांनी अदलाबदल. आठशे वर्षांपूर्वी पुरुषांना सांगतोय, आई व्हा म्हणून.

रोखठोक_बोरिवली

भावना दुखावायच्या नाहीत, पण गरिबीचं व्रत आणि शहराच्या मध्यावर एकरभर कंपाऊंड, शाळा, हॉल, हे गणित मला कधी सुटलं नाही. माझं नाही, संघाचं आहे, म्हणजे काय, संघ म्हणजे तुम्हीच ना? आणि आमच्या इथली मंडपेश्वर लेणी कुणी चर्च केली ते पण सांगा जरा.

जुनी_पानं

@रोखठोक दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि पहिला तर फ्रान्सिस्कनांनीच एकमेकांना विचारून विचारून डोकी फोडून घेतली आहेत.

१२२३ च्या नियमात (२९ नोव्हेंबरला पोप तिसरे होनोरियस यांनी मंजूर केला, फक्त बारा छोटी प्रकरणं) लिहिलंय की भावांनी नाणी किंवा पैसे कुठल्याही रूपात घ्यायचे नाहीत, आणि घर, जागा, वस्तू, काहीही आपलंसं करायचं नाही. इथे "संघाचं" ही पळवाटही नाही बरं का, संघानेही नाही. बाकीच्या जुन्या मठांत साधू गरीब आणि मठ श्रीमंत हे चालायचं, याला तेच नको होतं. पण भाऊ झाले हजारो, त्यांना छप्पर लागणार, पुस्तकं लागणार. मग १२४५ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी तोडगा काढला, मालकी रोमची, भावांना फक्त वापर. १२७९ मध्ये तिसरे निकोलस यांनी तेच पक्कं केलं. आणि १३२२ ला पोप बाविसावे जॉन म्हणाले हे ढोंग बंद करा, घर वापरलं तर वापर वेगळा नि मालकी वेगळी असं म्हणता येईल एकवेळ, पण भाकरी? जी खाऊन संपवली तिचा नुसता वापर केला, मालकी रोमचीच राहिली, असं कसं? त्यांनी मालकी परत भावांच्या गळ्यात टाकली. त्यावरून एवढं पेटलं की संघाचा त्या वेळचा प्रमुख, मायकेल ऑफ चेझेना, पोपच्या मुक्कामातून, आविन्योहून, पळून गेला. आपल्याकडे कुळकायद्यात कसेल त्याची जमीन म्हणून जे झालं ते वेगळं, पण वहिवाट आणि मालकी यावरून भांडण म्हटलं की कोकणातल्या माणसाला लगेच समजतं.

पुढे १५१७ मध्ये संघ अधिकृत फुटला, मग १५२८ मध्ये कापुचीन मान्य झाले, टोकदार टोपीवाले, दाढीवाले, ज्यांच्या झग्याच्या रंगावरून तुमच्या कापुचिनो कॉफीला नाव पडलं. प्रत्येक फुटीमागे तोच वाद, आपण फार सुखात राहायला लागलो. आज जमिनी ट्रस्ट नाहीतर सोसायटीच्या नावावर असतात, आणि हो, काही ठिकाणी ते व्रताला शोभत नाही. आतले लोकही हे बोलतात.

मंडपेश्वर. खरं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन अंतोनियो द पोर्तो याने ती शिवाची लेणी घेऊन तिथे चर्च केलं, वरती मठ बांधला, त्याच्या भिंती अजून दिसतात. आता आत पुन्हा शिवाची पूजा होते. फ्रान्सिसने १२२१ च्या, म्हणजे मंजूर झालेल्याच्या आधीच्या, नियमात मुसलमानांमध्ये राहणाऱ्या भावांना सांगितलंय की एक तर वाद घालू नका, सगळ्यांच्या अधीन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करा, आणि देवाची इच्छा दिसली तर मग प्रवचन करा. तो स्वतः १२१९ ला क्रूसेडच्या म्हणजे धर्मयुद्धाच्या ऐन धामधुमीत इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलला भेटून सुखरूप परत आला. पण उत्तर कोकणात त्याचे भाऊ आले ते राजाच्या आरमाराबरोबर, हातात सत्ता होती. झग्याला तीच दोरी होती, बाकी वेगळं होतं. मी याची सफाई देत बसणार नाही.

पापडीचा_पावलू

जुनी पानं सर, मस्तच, पण वसईचा विषय आणि गोन्सालो गार्सियाचं नाव नाही?? ताई, मामाला हे सांगा. आपल्या वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पण त्यांनी संघात घेतलं नाही. मग व्यापारात पडला आणि चांगला जम बसवला, म्हणजे तुमच्या भावासारखा कमावता माणूस! आणि मग सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन झाला. फादर नाही, ब्रदर. जपानी येत होती म्हणून १५९३ ला फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून परत जपानला, तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यात तो. १८६२ ला संत. आपण गासच्या चर्चला जातो, कॉलेजला त्याचं नाव, आणि घरात पोरगा ब्रदर होतो म्हटला की तोंड पाडून बसतो. कमाल आहे आपली.

रोखठोक_बोरिवली

बरं, सरळ उत्तर दिलंत, एवढं पुरे. मायकेल पळाला ते वाचून मजा आली.

कोर्टाची_पायरी

वाडीचं मी बोलतो, वकिली करतो, पण ही सल्ला-फी नाही, कागद दाखवून जवळच्या वकिलाला विचाराच.

एक, ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा इंडियन सक्सेशन ॲक्ट लागतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मापासून हिस्सा हा हिंदू कायद्यातला प्रकार, इथे तो नाही. मामा हयात आहेत तोवर वाडी मामांची, सातबारावर त्यांचंच नाव, मुलाचा आज काहीच हिस्सा नाही, तर तो संघाला देणार काय?

दोन, मामांची भीती अगदीच फुकाची नाही. चर्चच्या कायद्यानुसार पहिल्या व्रताआधी आपल्या नावावर जे असेल त्याचा कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा, अखेरच्या व्रताआधी मृत्युपत्र, आणि फ्रान्सिस्कनांसारख्या संघात तर सगळ्यावर पूर्ण पाणी सोडायचं, सरकारी कायद्यातही टिकेल अशा कागदाने. कुणाला द्यायचं ते तोच ठरवणार, बहीण, गरीब, कुणीही. पण त्या *नंतर* जर त्याच्या नावावर काही आलं, तर चर्चच्या कायद्याप्रमाणे ते संघाचं. आणि व्रतं घेतली म्हणून सरकारी वारसपण आपोआप संपतं असं १९२५ च्या कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. मामा मृत्युपत्र न करता गेले तर बायकोला एक तृतीयांश, बाकीचं मुलांत समान. म्हणजे उपाय एका ओळीचा आहे, मामांनी आत्ताच मृत्युपत्र करावं, मुलीच्या नाहीतर नातवंडांच्या नावाने. हे मी सगळ्याच मामांना सांगतो, मुलगा ब्रदर होवो न होवो.

पगाराचं एक ताजं. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर म्हणायचे की पगार आमचा नाहीच, थेट संघाकडे जातो, मग टीडीएस का कापता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कापणार. तुम्ही तुमच्यात तो कुणालाही द्या, सरकारच्या लेखी तो तुमचा पगार. बाविसाव्या जॉनना आनंद झाला असता.

दोरीची_गाठ

वकीलसाहेबांना जोडून. नियमाच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे की नवीन येणाऱ्याच्या मालमत्तेत भावांनी आणि मिनिस्टरांनी लक्ष घालू नये, त्याला देव सुचवेल तसं त्याला करू द्यावं. आमच्या मास्टरांनी हे वाचून दाखवलं आणि म्हणाले, कुणी तुम्हाला जमिनीचं विचारलं तर मला येऊन सांगा. मला कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंही म्हणा.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, वाचतोय सकाळपासून. हे लोक भीक मागायचे का पूर्वी? म्हणजे आपल्याकडे माधुकरी असते तसं? माझे पणजोबा शिकायला होते तेव्हा पाच घरी माधुकरी मागून जेवायचे असं आजी सांगायची.

जुनी_पानं

@इंद्रायणीकाठ हो, पण आधी काम. फ्रान्सिस १२२६ मध्ये गेला, त्याच्या आधी त्याने एक छोटं मागे ठेवण्याचं पत्र लिहवून घेतलं, त्यात म्हणतो मी हाताने काम केलं, सगळ्या भावांनी करावं, येत नसेल त्याने शिकावं, आणि कामाचा मोबदला मिळाला नाही तर मग दारोदार जाऊन प्रभूच्या पंगतीला बसावं. भिक्षेला तो प्रभूची पंगत म्हणतो. म्हणजे माधुकरीच्या जवळच, फक्त तिथे विद्यार्थ्याला शिकायला वेळ मिळावा म्हणून, इथे शेवटच्या रांगेत उभं राहायची सवय व्हावी म्हणून. त्या पत्राची सुरुवात मात्र गरिबीने होत नाही. कुष्ठरोग्यांपासून होते. म्हणतो, त्यांना बघणं मला फार कडू वाटायचं, देवाने मला त्यांच्यात नेलं, आणि निघालो तेव्हा जे कडू होतं ते गोड झालं होतं. गरिबी हे नंतरचं, आधी ती माणसं.

पुण्यातली_वसईकरीण

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. थँक्यू थँक्यू.

काल वसईला जाऊन आले. मृत्युपत्राचं सांगितलं तेव्हा मामाने पहिल्यांदा मान वर केली. गोन्सालोचं सांगितलं तर म्हणाला, "त्याच्या बापाला विचारलं होतं का कुणी?" यावर मी काय बोलणार! मग मी फ्रान्सिसच्या बापाची गोष्ट काढली, भावाने मला सांगितलेली, कापडाचा व्यापारी होता, पोराने दुकानातलं कापड आणि घोडा विकून पडक्या चर्चच्या दुरुस्तीला पैसे द्यायला काढले म्हणून बाप बिशपांकडे गेला, तर पोराने अंगावरचे कपडे काढून बापाच्या पुढ्यात ठेवले, हे पण घे म्हणाला, आणि बिशपांनी आपल्या झग्यात त्याला झाकलं. मला वाटलं मामा चिडणार. मामा बराच वेळ विहिरीकडे बघत होता, मग विचारलं, "आणि बाप? तो घरी कसा गेला?" मला माहीत नव्हतं. भाऊ पण गप्प.

झग्यावरच्या दोरीला तीन गाठी कसल्या ते पण मामाने विचारलं. भावाने सांगितलं, गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. मामा म्हणाला चौथी मारायला जागा आहे की.

पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी पालकांना बोलावलंय, मामा येतो म्हणालाय, नक्की नाही, पण शर्ट इस्त्रीला टाकलाय असं मामी म्हणते.

पापडीचा_पावलू

चौथी गाठ असते! पुअर क्लेअर सिस्टर लोकांच्या, म्हणजे फ्रान्सिसच्याच वाटेवरच्या मठवासी सिस्टरांच्या, दोरीला. त्या चार भिंतींच्या बाहेर येत नाहीत त्याची. मामाला सांगा.

दोरीची_गाठ

ताई, जाताना सुकेळी नेणार असाल तर एक पुडा नेऊ नका. किती जण आहेत ते आधी फोन करून विचारा.